वर्दीचा मूळ मालक

पहिल्यांदा एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकतो. मी हरवलेलो नव्हतो. माझी स्मरणशक्ती ठणठणीत आहे. स्वतःचं नाव, घरचा पत्ता आणि बायकोचा स्वभाव हे तिन्ही मला तोंडपाठ आहेत, आणि मी जन्मात कधी सैन्यात नव्हतो. अजूनही कोपऱ्यावरचा वाणी मला बघितलं की स्टूल पुढे सरकवतो आणि "बसा हं काका, घरचे येतातच आहेत" म्हणतो, म्हणून हे लिहून ठेवणं भाग आहे.

झालं ते सगळं माझ्या सुटापायी. तसा मी सुटाबुटातला माणूस नाही. विमा कंपनीच्या दावे विभागात माझी सगळी नोकरी झाली. लोकांच्या गाड्या ठोकल्या जातात, छपरं गळतात, मग ते भरपाई मागायला येतात आणि मी त्यांना "पुरावा आणा" असं म्हणतो. या कामाला सूट लागत नाही, जाड कातडी लागते. पण निवृत्तीची गोष्ट निराळी.

आमच्या ऑफिसात जिन्यापासून कॅन्टीनपर्यंत एक लांबलचक भिंत आहे. जो निवृत्त होतो त्याचा फोटो तिथे लागतो. हेड ऑफिसातून बडे साहेब येतात, सन्मानचिन्ह हातात देतात, फोटो निघतो, फ्रेम होते, खाली नावाची पट्टी लागते. त्या भिंतीवर सूट न घातलेला एकही माणूस नाही. खरं म्हणजे एक आहे. तो बिचारा साध्या शर्टात आला होता. त्याचा फोटो जिन्याखाली लावलाय, जिथे बादल्या आणि फरशी पुसायची फडकी ठेवतात. मला तिथे जायचं नव्हतं. अख्ख्या नोकरीत ऑफिसच्या एकाही ग्रुप फोटोत मी पुरता आलेलो नाही, दर वेळी एक कान आणि अर्धा चष्मा तेवढा येतो. निदान जाताना तरी फ्रेमच्या मधोमध यावं, एवढीच माझी इच्छा होती. फार मागत होतो का?

शनिवारी निरोपसमारंभ. त्याआधी हिने माझा एकुलता एक सूट, लग्नातला काळा, लाँड्रीत दिला. सोमवारी मी तो आणला, कौतुकाने प्लॅस्टिकचं कव्हर उघडलं, आणि आतून निघाली लष्करी वर्दी.

वर्दीही आजकालची नव्हे. जाडजूड लोकरीचं कापड, शेवाळी रंग, खांद्यावर पट्ट्या, छातीवर पितळी बटणं आणि आत डांबरगोळ्यांचा वास. वरून तिसरं बटण काळ्या दोऱ्याने शिवलेलं, बाकीची हिरव्या. मी तस्साच चपला घालून लाँड्रीत गेलो.

"हा माझा सूट नाही," मी म्हणालो.

लाँड्रीवाल्याने वर्दीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुमचाच असेल. नीट बघा. धुतल्यावर कपडा बदलतो कधीकधी."

"बदलतो म्हणजे? सैन्यात भरती होतो?"

यावर त्याने शांतपणे इस्त्री फिरवत खुलासा केला की नंबराच्या चिठ्ठ्या पाण्यात भिजल्या आणि आकडे पुसले गेले, त्यामुळे जी पिशवी ज्याला शोभेल ती त्याला दिली. मला वर्दी शोभते असं त्याला कशावरून वाटलं हे मी विचारलं नाही. "ज्याची ही वर्दी, त्याच्याकडे तुमचा सूट," तो म्हणाला. "आणून देईल की तो. सैन्यातला माणूस आहे, प्रामाणिकच असणार."

"म्हणजे अप्रामाणिक मी?"

"मी कुठे म्हटलं? पण दुसऱ्याची वस्तू हातात कोणाच्या आहे?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या! वर म्हणतो, वर्दी इथे ठेवून जा. मी काय दूधखुळा आहे? सूट मिळेपर्यंत वर्दी माझ्याकडे ओलीस राहील असं ठणकावून मी घरी आलो.

घरी येऊन ती दाराच्या खिळ्याला अडकवली आणि बघता बघता सगळी इमारत जमली. आमच्याकडे दूध उतू गेलं तरी चार माणसं सल्ला द्यायला येतात, इथे तर साक्षात सैन्य आलं होतं. समोरच्या दारातले काका पहिले. यांना सगळे 'अनुभवी' म्हणतात, कारण जगात कुणाचंही काहीही झालं तरी ते यांचं आधीच होऊन गेलेलं असतं.

"माझ्या बाबतीत अगदी हेच झालं होतं," अनुभवी म्हणाले. "फरक एवढाच, की सूट नव्हता, टेबलफॅन होता. तुम्ही असं करा, माजी सैनिकांच्या कार्यालयात जा. त्यांच्याकडे प्रत्येक बटणाचा हिशेब असतो."

"अहो, त्यापेक्षा नवीन शिवून घ्या ना," ही आतून म्हणाली. "तसाही तो सूट तुम्हाला होत नव्हता."

चारचौघांत असं बोलायची काही गरज होती का? होत नव्हता हे साफ खोटं आहे. बटण लावलं तर श्वास घेता येत नव्हता आणि श्वास घेतला तर बटण लागत नव्हतं, एवढंच. आणि फोटोला श्वास लागत नाही. राहता राहिला नवीन सूट. तर आमचा शिंपी 'शनिवारी पाहिजे' हे ऐकून इतका हसला की त्याच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या, आणि त्या मला गोळा कराव्या लागल्या.

मंगळवारी रजा टाकून मी माजी सैनिकांच्या कार्यालयात गेलो. खिडकीपलीकडचा कारकून थर्मासमधला चहा फुंकून पीत होता. मी वर्दी दाखवली, हकिकत सांगितली, मूळ मालक शोधून द्या म्हणालो.

"अर्ज कोण करतंय?"

"मी."

"तुम्ही माजी सैनिक आहात?"

"नाही."

"मग तुम्हाला अर्ज करता येणार नाही. इथे फक्त माजी सैनिकच अर्ज करू शकतो."

"अहो, त्यालाच तर मी शोधतोय!"

"सापडला की पाठवा त्याला. देऊ अर्ज."

"तो सापडला तर मी इथे कशाला येईन?"

"तेच म्हणतोय मी," कारकून म्हणाला. "मग आलात कशाला?"

मी रागाने लाल झालो. एवढ्यात त्याने वर्दीला बोट लावून बघितलं आणि डोळे बारीक केले. "ही तुमच्याकडे आली कशी?"

"लाँड्रीतून."

"पुरावा आणा."

हे वाक्य माझं आहे हो! सगळी हयात मी हे वाक्य दुसऱ्यांना ऐकवलं. माझ्या खिडकीसमोर माणसं तोंड वासून का उभी राहतात ते मला त्या दिवशी कळलं, पण आता कळून उपयोग काय? मी निघालो तर मागून आणखी एक ठेवून दिलं, "आणि अंगात घालू-बिलू नका. नागरिकाने वर्दी घालणं गुन्हा आहे."

"मी कशाला घालीन?"

"सगळे असंच म्हणतात," कारकून म्हणाला, आणि खिडकी लावून घेतली.

घरी आलो तर माझा मेहुणा येऊन बसलेला. हिचा धाकटा भाऊ. घरात कुणाचंही काम अडलं की हा फोन काढतो आणि ते काम कायमचं बसतं. "भाऊजी, कुठल्या जमान्यात आहात? फोटो काढू, ग्रुपवर टाकू, रात्रीपर्यंत मालक हजर," तो म्हणाला. मला पटलं. त्याने वर्दीचा फोटो काढला, मान हलवली. "छे. खिळ्यावरच्या कोटाकडे कोण बघतो? आत माणूस पाहिजे."

"गुन्हा आहे तो," मी म्हणालो.

"घरात कसला गुन्हा? अहो, दोन मिनिटं."

मी ती चढवली. आणि काय सांगू, ती बसली! पोटाला, खांद्याला, जिथल्या तिथे. दुकानातला एकही तयार कपडा आजवर मला असा बसलेला नाही. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, "अगंबाई!" म्हणाली आणि थोडा वेळ बघतच राहिली. लग्नाच्या दिवशीसुद्धा तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मी छाती काढून उभा राहिलो. फक्त कॅमेरा समोर आला की माझी नजर कुठेतरी लांब जाते आणि तोंड थोडं उघडं राहतं. त्याला मी काय करणार?

मेहुण्याने फोटोखाली लिहिलं: 'ओळखता का? मूळ ठिकाणी सुखरूप पोहोचवायचे आहे. कृपया सगळीकडे पाठवा.' आणि स्वतःचा नंबर टाकला.

बुधवारी सकाळी बसस्टॉपवर एका अनोळखी बाईंनी माझा हात धरला. "काका, कुठे निघालात?" त्यांनी फार मायेने विचारलं.

"ऑफिसला."

"हो हो. जाऊ हं आपण ऑफिसला. आधी पाणी पिता का?"

मी हात सोडवून घेतला तर त्या शेजारच्या माणसाला म्हणाल्या, "असे चिडतातच. माझ्या सासऱ्यांचंही असंच होतं." बस गेली. ऑफिसला उशीर झाला. तिथे हेडक्लार्कने मला हळूच बाजूला घेऊन विचारलं की आज वार कुठला आणि मी कुठल्या विभागात आहे. मी दोन्ही बरोबर सांगितलं. तो म्हणाला, "छान, छान," आणि माझ्या टेबलावरची कात्री उचलून घेऊन गेला.

संध्याकाळी कळस झाला. वाण्याच्या दुकानात साबण घ्यायला गेलो, तर त्याने स्टुलावर बसवलं, हातात बिस्किट दिलं आणि फोन लावला. "हो, हो, तेच. शेवाळी डगला नाहीये, पण तोंड तेच आहे. उघडंच आहे."

"अरे, मी समोरच राहतो!" मी ओरडलो. "रोज तुझ्याकडून साखर नेतो!"

"हो काका. सगळे इथेच राहतो आपण," वाणी म्हणाला. रोज माझी पिशवी भरणाऱ्या माणसाने माझ्या चेहऱ्याकडे कधी बघितलंच नव्हतं, याचं मला इतकं वाईट वाटलं की मी ते बिस्किट खाऊन टाकलं. मग मेहुणा आला, माझा ताबा घेतला, आणि मला सुखरूप मूळ ठिकाणी पोहोचवलं. घरी हीसुद्धा म्हणाली, "खरं सांगू? माझ्याकडे तो फोटो तीन मैत्रिणींकडून आला. मीसुद्धा पुढे पाठवणार होते."

माझं डोकं इतकं फिरलं होतं की गुरुवार मी घरातच काढला. सुटाचा पत्ता नाही. जिन्याखालच्या बादल्या माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात.

शुक्रवारी दुपारी मेहुण्याला एका बाईंचा फोन आला. "तो डगला आमच्या सासऱ्यांचा आहे," त्या म्हणाल्या. "तिसरं बटण मीच शिवलंय, घरात हिरवा दोरा नव्हता म्हणून. पण आत जे गृहस्थ आहेत, ते कोण?"

संध्याकाळी मी आणि मेहुणा त्यांच्याकडे गेलो. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या. दार उघडलं ते एका उंच म्हाताऱ्या माणसाने, आणि बघतो तर काय! त्यांनी माझा सूट घातला होता! घरात! संध्याकाळच्या वेळी! आणि बटणं सगळी लावलेली, वर आरामात श्वासही घेत होते. मी मनाशी कडक भाषण तयार करून गेलो होतो. पण माझा सूट दुसऱ्याच्या अंगावर माझ्यापेक्षा चांगला दिसतोय, हे बघितल्यावर माणसाने सुरुवात कुठून करायची?

सूनबाई ओशाळून म्हणाल्या, "बाबा, किती वेळा विचारलं मी तुम्हाला, वर्दी कुठाय म्हणून? आणि हा सूट कुठून आला ते?"

आजोबांनी आधी आम्हाला बसायला लावलं. स्वतः उभेच राहिले. भिंतीवर त्यांचे पुष्कळ फोटो होते, आणि एकूण एक वर्दीतले. लग्नातलासुद्धा.

"सगळा जन्म मी सैन्याच्या स्टोअरमध्ये होतो," ते म्हणाले. "मोजे, बूट, ब्लँकेटं. लढाई कधी बघितली नाही. पण दरवर्षी नातीच्या शाळेत मला ती वर्दी घालून स्टेजवर बसवतात, आणि पोरं विचारतात, आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले? मोज्यांच्या स्टोअरमध्ये काय मारणार मी? झुरळं? यंदा लाँड्रीतून पिशवी आली. उघडली तर हा. मी सुनेला सांगितलंच नाही, हा घातला आणि शाळेत गेलो. कुणी काही विचारलं नाही हो. एका पालकाने नमस्कार केला आणि म्हणाला, आपण कुठल्या कंपनीत होता? मी म्हटलं, आता निवृत्त आहे. बस. इतकं बरं वाटलं!"

"ते ठीक आहे," मी म्हणालो, "पण सूट माझा आहे. उद्या मला लागणार आहे."

"तुमचाच आहे साहेब. लगेच देतो." त्यांनी बटणाला हात घातला आणि थांबले. "आमची ही म्हणायची, एकदा तरी तुम्हाला सुटात बघू द्या. मी म्हणायचो, निवृत्त झालो की शिवू. मी निवृत्त व्हायच्या आत ती गेली. एक फोटो तेवढा काढायचा होता ह्यात. तिच्या फोटोशेजारी लावायला. सुनेला कसं सांगणार, म्हणून राहिलं."

आता सांगा, माणसाने काय करावं? मी रागावलेलो होतो, अजूनही आहे. पण तोंडातून निघून गेलं, "उद्या आमच्या ऑफिसात फोटोवाला येणार आहे. तुम्ही सूट घालूनच या. आधी तुमचा फोटो काढू, मग आपण कपडे बदलू. घरी जायला माझे शर्ट-पँट घाला." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सूनबाईंनी हात जोडले. वर्दी मात्र आजोबा घेईनात, तेव्हा त्यांच्यासमोर वाद नको म्हणून ती उद्या ऑफिसात सूनबाईंच्याच हाती द्यायची ठरली.

शनिवारी चारचा कार्यक्रम. ही पुढच्या रांगेत बसली. मी आणि मेहुणा जुन्या फायलींच्या खोलीत दबा धरून बसलो, वर्दीची पिशवी शेजारी. आजोबा सूनबाईंबरोबर वेळेवर आले, केस विंचरून, बूट चमकवून. फोटोवाला मात्र आला नव्हता. तो येईपर्यंत म्हणून ते हॉलच्या दारात उभे राहिले. तेवढ्यात बाहेर पळापळ झाली. बडे साहेब वेळेच्या आधीच आले! बड्या साहेबांना पुढे एक उद्घाटन होतं.

माझी धांदल उडाली. मी भराभर शर्ट आणि पँट काढून मेहुण्याच्या हातात कोंबले. "पळ! आजोबांना हे दे, सूट घेऊन ये, दोन मिनिटांत!" तो गेला. मी बनियन आणि चट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत फायलींच्या रॅकमागे उभा राहिलो. दोन मिनिटं झाली. पाच झाली. मग बाहेरून बड्या साहेबांचा आवाज आला, "हेच का ते? या, या, पुढे या!"

आणि टाळ्या.

मी दाराच्या फटीतून बघितलं. बड्या साहेबांनी मला आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. त्यांनी हॉलमध्ये नजर टाकली, सगळ्यांत रुबाबदार सूट हेरला आणि त्याचा हात धरून त्याला स्टेजवर नेलं. तोवर फोटोवालाही धापा टाकत पोचला होता. माझा मेहुणा माझी पँट काखेत धरून टाळ्या वाजवत होता.

तुम्ही म्हणाल, ऑफिसातली माणसं काय करत होती? सगळे मला ओळखतात ना? ओळखतात! पण आमच्याकडे एक रीत आहे: साहेब बोलत असताना कुणी साहेबांना चूक दाखवत नाही. शाखाधिकारी घाम पुसत होते. हेडक्लार्क छताकडे बघत होता. आणि साहेब म्हणत होते, "अशी माणसं आता होत नाहीत! दावे विभागाची सगळी सचोटी ह्या चेहऱ्यावर दिसते! बोला, दोन शब्द बोला."

आजोबा ताठ उभे राहिले. "मी काही मोठं केलं नाही," ते म्हणाले. "ज्याला जे पाहिजे ते मोजून दिलं. नको होतं त्याला दिलं नाही."

"दावे विभागाचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही!" बडे साहेब म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या निरोपाच्या टाळ्या, आणि मी चड्डीत.

आता माझ्यापुढे दोनच रस्ते होते. एक, होतो तसा बाहेर पडणं. दुसरा पिशवीत होता. मी वर्दी चढवली, बटणं लावली आणि हॉलमध्ये धावलो. दारावरच्या वॉचमनने मला बघून कडक उभं राहून वाट दिली, रोज मला ओळखपत्र विचारतो तो!

"थांबा!" मी म्हणालो.

बड्या साहेबांनी वळून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा! सैन्यातले मित्रही आलेत! केवढा लोकसंग्रह! या साहेब, तुम्हीही या फोटोत."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मला थर्मासवाला कारकून आठवला. मी सैनिक नाही असं म्हणावं तर शंभर माणसांसमोर गुन्हा कबूल. गप्प बसावं तर निरोपसमारंभ हातचा जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मी विचार करत होतो, तोवर शाखाधिकाऱ्यांनी माझ्या पायावर पाय दिला. "प्लीज," ते कुजबुजले, "साहेबांची गाडी लागलीय." फोटोवाला म्हणाला, "वर्दीवाले, जरा डावीकडे. अजून. अजून थोडे." आणि फ्लॅश उडाला.

साहेब निघून गेले. मी हिच्याकडे गेलो. "तू समोर बसली होतीस! तू का नाही बोललीस?"

"काय बोलणार?" ही म्हणाली. "हे माझे यजमान नव्हेत, असं भरल्या सभेत ओरडू? आणि मी कुणाला सांगायला गेले असते, तर तुम्ही कुठे आहात म्हणून विचारलं असतं. आणि तुम्ही कुठे, कशा अवस्थेत होता?"

शाखाधिकाऱ्यांना मी साफ सांगितलं, फोटो पुन्हा काढा. ते म्हणाले, कसा काढणार? बडे साहेब गेले. साहेबांशिवाय निरोपाचा फोटो निघत नाही, आणि साहेबांचा फोटो तर लावावाच लागतो.

"पण मी त्यात नाही!"

"आहात की," ते म्हणाले. "कडेला."

आजोबा एका कोपऱ्यात उभे होते. सन्मानचिन्ह त्यांनी खुर्चीवर ठेवलं होतं आणि कोट काढून त्याची घडी घालत होते. "माफ करा साहेब," ते म्हणाले. "पुढे या म्हटलं की पाय आधी निघतात, डोकं मागून येतं. अंगवळणी पडलंय. तुमचा दिवस मी खाल्ला." त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्या जिभेवर जे जे आलं होतं ते सगळं मी गिळलं. त्यांच्या हातातला कोट घेतला, झटकला आणि त्यांच्याच खांद्यावर टाकला.

"ठेवा," मी म्हणालो. "मला होतही नव्हता." माझं हे बोलणं ही ऐकतेय, हे मला माहीत होतं. तरी म्हणालो.

वर्दी त्यांनी परत घेतली नाहीच. "मी वाळलो, मला ती आता ढगळ होते. तुम्हाला बसते," एवढंच म्हणाले, आणि या वेळी सूनबाईंनीही आग्रह धरला नाही. ती आता माझ्या कपाटात सुटाच्या कव्हरमध्ये टांगलेली आहे, आणि हिला ती टाकवत नाही.

पुढे महिन्याभराने पेन्शनच्या कामासाठी ऑफिसात जायचं होतं. आजोबा म्हणाले, मीही येतो, फोटो बघायचा आहे. सूट घालून आले. भिंतीवर, ऐन मधोमध, मोठी फ्रेम. आत बडे साहेब, शेजारी ताठ मानेने माझा सूट, त्यात आजोबा, आणि खाली पट्टीवर माझं नाव. उजव्या कडेला वर्दीची एक बाही, एक कान आणि अर्धा चष्मा. आजोबा काचेपाशी वाकले. मग हळू आवाजात म्हणाले, "हिला दाखवायला पाहिजे होता." आता त्या फोटोची एक प्रत त्यांच्या घरी त्यांच्या बायकोच्या फोटोशेजारी लागली आहे, ती मीच काढून आणून दिली.

त्या दिवशी आम्ही भिंतीसमोरच उभे होतो, इतक्यात एक नवीन लागलेली मुलगी आली. तिने फोटो बघितला, आजोबांकडे बघितलं आणि गडबडीने खुर्ची ओढली. "सर, तुम्ही! बसा ना. चहा आणते." मग मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "आणि हे कोण? तुमच्याबरोबर आहेत का?"

माझा संताप टाळूपर्यंत गेला. पण मी काही म्हणायच्या आत आजोबा खुर्चीतून उठले. टाचा जुळवल्या.

"हे ह्या सुटाचे मूळ मालक," ते म्हणाले, आणि त्यांनी मला खाडकन सलाम ठोकला. आजवर त्या इमारतीत मला मिळालेला तो पहिला सलाम. मग त्या मुलीने आणखी एक खुर्ची आणली.